जुनं चॅपल घेऊन लग्नाची जागा चालवायची आहे? आधी पावसात जाऊन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं लीड्सला राहता. वेस्ट यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात एक बंद पडलेलं मेथडिस्ट चॅपल, म्हणजे त्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर, विकायला निघालंय. इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे वारसा म्हणून कायद्यानं जपलेली, बाजूला संडे स्कूलची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाची) खोली, मागे थडगी. किंमत लीड्समधल्या साध्या तीन बेडरूमच्या घरापेक्षा कमी. ते घेऊन आपल्या मराठी मंडळींसाठी आणि इतरांसाठीही लग्नाची जागा चालवावी का, आणि घेण्याआधी काय काय बघावं?

मी आणि माझा नवरा अशीच एक जागा अकरा वर्षं चालवतोय, तुमच्यापासून फार लांब नाही. माझं उत्तर: घ्या, पण मंगल कार्यालय म्हणून घेऊ नका. पुण्यातलं कार्यालय लग्नासाठीच बांधलेलं असतं, गैरसोय झाली तर मालक भिंत पाडतो. इथे तुम्ही भिंतीला साधा खिळा ठोकण्याआधीही विचार करणार. किती माणसं, कोणते महिने, किती वाजेपर्यंत, किती आवाज, हे सगळं इमारतच ठरवते. आपण फक्त ते गिऱ्हाइकाला गोड शब्दांत सांगायचं. आणि विक्रीखतातली एक अट आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगते, कारण तिच्यावर सगळा व्यवहार अडू शकतो.

एवढं स्वस्त का, ते आधी समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात या खोऱ्यांत कापडगिरण्या वाढल्या, आणि मेथडिस्टांत फाटेही फुटत गेले. वेस्लियन वेगळे, प्रिमिटिव्ह वेगळे, तिसरे आणखी वेगळे, आणि गावात प्रत्येकाचं आपापलं चॅपल. भाऊबंदकीत एका वाड्याला चार दरवाजे पडतात तसं. १९३२ मध्ये यातले मोठे प्रवाह एकत्र आले आणि एकाच गावात एकाच पंथाच्या हातात दोन-तीन इमारती उरल्या. पुढे माणसंही घटत गेली. म्हणजे तुमच्यासमोरची इमारत बहुतेक कित्येक वर्षं ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणत म्हणत इथपर्यंत आलेली आहे. किमतीतली सूट त्या प्रत्येक वर्षाची आहे.

आता कायदा. ज्या इमारतीत दीडशे वर्षं लग्नं लागली तिथे लग्न लावायला काय अडचण, असं आम्हालाही वाटलं होतं. अडचण नेमकी तीच निघाली. इंग्लंडमध्ये लग्नाचा कायदा इमारतीला चिकटलेला आहे. १७५३ च्या कायद्यानं क्वेकर (आणखी एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांची लग्नं चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्येच लागायला हवीत असं ठरलं. (म्हणून तर पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडची हद्द ओलांडून ग्रेटना ग्रीनला जायची.) मेथडिस्ट वगैरे मंडळींना स्वतःच्या चॅपलमध्ये कायदेशीर लग्न लावायची मुभा मिळाली ती १८३६ च्या कायद्यानं. आणि रजिस्ट्रारनं येऊन हॉटेलात, हवेलीत नोंदणी लग्न लावायची सोय झाली १९९५ पासून, ‘अप्रूव्हड प्रिमायसेस’ म्हणजे मंजूर जागा या नावाखाली. तुम्हाला ही तिसरी मंजुरी हवी. ती धार्मिक जागेला मिळत नाही, आणि धार्मिक जागेची व्याख्या अशी आहे की जी मुख्यतः उपासनेसाठी वापरली जाते ती, किंवा जी पूर्वी तशी वापरली गेली आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही कामासाठी मुख्यतः वापरली गेलेली नाही ती. दुसरा भाग दोनदा वाचा. कालपर्यंत प्रार्थना चालू होती आणि आज तुम्ही किल्ली घेतली, तर उद्या मंजुरी मागता येणार नाही. मधे त्या इमारतीचा संसार बदलल्याचं दिसायला हवं.

आम्ही पहिली सव्वा वर्षं तिथे चित्रांची प्रदर्शनं लावली, योगाचे वर्ग घेतले, गावातल्या गायकवृंदाला तालमीसाठी भाड्यानं जागा दिली. मराठी मंडळींनी दिवाळीसाठी मागितली तेव्हा दिवाळी पहाटेच्या गाण्यांना हो म्हटलं आणि लक्ष्मीपूजनाला हात जोडून नको म्हटलं. प्रत्येक भाड्याची पावती, प्रत्येक कार्यक्रमाचा कागद जपून ठेवला आणि अर्जासोबत जोडला. किती काळ असा वापर पुरेसा, याचा आकडा नियमात नाही. म्हणून घेण्याआधीच कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) नोंदणी विभागाशी बोला, आणि बोलणं ईमेलवर ठेवा.

वापर बदलण्याची प्लॅनिंग परवानगी वेगळी, ती विसरू नका. प्रार्थनेच्या जागेचा वर्ग वेगळा आणि लग्नाच्या जागेचा वेगळा. तिथे गाडी अडते ती पार्किंगवर. ही चॅपल चालत येणाऱ्यांसाठी बांधलेली आहेत, आपलं वऱ्हाड मात्र लंडनहून गाड्यांनी येतं. आम्ही खालच्या गावातल्या एका मैदानाशी करार केला आणि तिथून मिनीबस लावली. मोठी बस वरच्या वळणावर वळत नाही. एकदा अडकली होती, नवरदेवासकट.

लिस्टेडचा अर्थ फक्त दर्शनी भाग असा नसतो. बाक, गॅलरी, व्यासपीठ, आतलं लाकूडकाम, सगळं त्यात येतं. चॅपल चालू असताना मेथडिस्ट चर्चची स्वतःची परवानगीची पद्धत असते, सरकारी लिस्टेड परवानगीतून सूट असते. विकल्यावर ती सूट संपली, सगळं कौन्सिलकडे. विनापरवाना बदल हा गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या मालकानं केलेला बेकायदा बदल पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाच्या दारावर लागू शकते. मधल्या काळात कुणी बिल्डरनं घेतलं असेल आणि बाक काढून विकले असतील, तर ते बाक आता तुमचे झाले म्हणून समजा. परवानगीचे कागद मागा. ‘आधीपासून तसंच होतं’ हे उत्तर घेऊ नका.

आता इमारतीकडे. पहिली भेट एजंट ठरवेल त्या उन्हाच्या दिवशी होईल. दुसरी तुम्ही ठरवा, मुसळधार पावसात. छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पन्हळींकडे बघा. पाणी कुठून येतं त्यापेक्षा कुठे जातं ते बघा. दर्शनी भिंतीच्या कठड्यामागे शिशाच्या पत्र्याची लपलेली पन्हळ असते. ती पानांनी तुंबते, पाणी आत उलटतं आणि तुळईची भिंतीत रुतलेली टोकं कुजतात. आतून काहीच दिसत नाही, फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात वास येतो, कोंदट, अळंब्यासारखा. तो वास आला तर सर्व्हेअरला ड्राय रॉटबद्दल, म्हणजे लाकूड खाणाऱ्या बुरशीबद्दल, सरळ विचारा. शिशाचा पत्रा चोरीला जातो, हेही लक्षात ठेवा. आमचा दोनदा गेला. दुसऱ्या वेळी कौन्सिलच्या परवानगीनं तिथे दुसऱ्या धातूचा बसवला आणि तसा फलकही लावला, चोरांना वाचता यावा म्हणून.

भिंतींच्या सांध्यांत बोट फिरवा. मऊ, पांढरट, नखानं थोडं खरवडलं जाणारं असेल तर तो चुना, आणि मग तुमचं नशीब चांगलं. करडं, कठीण, कडा बाहेर आलेलं असेल तर कुणीतरी सिमेंटनं दरजा भरल्यात. जुन्या वालुकाश्माच्या भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. सिमेंटनं ती वाट बंद केली की ओल दगडातून निघते, लोणा फुटतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. माझं माहेर वाईचं. आमच्या वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी आजोबा चुना कसा घाणीत दळायचे, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी कसं पडायचं, ते सांगत बसायचे, आणि आम्ही कंटाळायचो. तीस वर्षांनी यॉर्कशायरचा गवंडी जवळजवळ तेच सांगायला लागला, गूळ वगळून. चुन्याचं काम थंडीत होत नाही. तापमान पाच अंशांखाली गेलं, दहिवर पडलं, की ताजा चुना फुगून गळतो. म्हणजे गवंड्याचे दिवस एप्रिल ते सप्टेंबर. तेच दिवस लग्नांचे. पहिली दोन वर्षं हे भांडण चालू राहणार, पैशाची तजवीज तशी ठेवा.

बाहेरचा दगड गिरण्यांच्या धुरानं काळा पडलेला असेल. तो घासून पिवळा करावा असा मोह होईल. करू नका. जोरात वाळू मारून साफ केलेल्या दगडाची वरची घट्ट कातडी जाते आणि तो भराभर झिजतो. काळ्या भिंतीपुढे पैठणी फार सुरेख दिसते, फोटोवाल्यांना विचारा.

ओल, चुना आणि आपली लग्नं यांचा मेळ कसा बसतो त्याची एक गोष्ट सांगते. तिसऱ्या वर्षी संडे स्कूलच्या खोलीला नुकताच चुन्याचा हात दिला होता, आणि एका कुटुंबानं हळद तिथेच करायची म्हणून हट्ट धरला. भिंतींना कापड लावलं होतं, तरी करवल्या त्या करवल्याच. संध्याकाळी कापड काढलं तर दाराजवळ पाच-सहा पंजे, आणि पिवळे नाहीत, लालभडक. संवर्धनाचं काम बघणारे आमचे इंग्लिश सल्लागार दुसऱ्या दिवशी आले आणि घाबरलेच, त्यांना ते रक्त वाटलं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे त्यांना समजावून सांगताना मला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. पुढे चुना मुरला, उजेडानं रंग फिका होत गेला, वर दोन हात आणखी दिले. पण खालच्या दगडी फरशीवर तेलकट हळदीचा एक डाग आजही आहे. तेव्हापासून हळद बाहेरच्या मांडवात, हिरवळीवर. त्यासाठी वेगळी अनामत घेते, आणि अनामत ऐकल्यावर लोक आपोआप जपून वागतात.

अक्षतांचंही तसंच. जुन्या चॅपलच्या मधल्या वाटेत बिडाच्या जाळ्या असतात, खाली गरम पाण्याच्या नळांचे चर. तांदूळ त्या जाळ्यांतून खाली जातात आणि महिन्याभरात उंदीर येतात. आम्ही आता वाटेवर सतरंजी घालतो आणि अक्षता वाटतो त्या मोजक्या, प्रत्येकाला छोट्या पुडीत. फुलांच्या पाकळ्या सुचवल्या तर तरुण जोडपी हो म्हणतात. आज्या नाही म्हणतात, आणि आज्यांचंच चालतं.

लग्न दोनदा लागतं, हे पक्कं ध्यानात घ्या. तुमच्या चॅपलमध्ये गुरुजींनी लावलेलं लग्न इंग्लंडच्या कायद्यापुढे लग्न नव्हे. रजिस्ट्रारसमोरचं ते लग्न. आणि रजिस्ट्रारच्या विधीत धार्मिक काहीही चालत नाही: मंत्र नाहीत, धर्मग्रंथातलं वाचन नाही, प्रार्थनागीत नाही, गुरुजींनी पुढाकार घेणं नाही. गाण्यात देवाचा ओझरता उल्लेख आला तर चालतो. आमच्याकडे व्यासपीठावरच्या कमानीत बायबलमधलं वचन सोनेरी अक्षरांत रंगवलेलं आहे, लिस्टेड असल्यामुळे पुसता येत नाही. पहिल्या लग्नाच्या वेळी मी घाबरत विचारलं. रजिस्ट्रारबाई म्हणाल्या, भिंतीनं काय म्हणायचं ते म्हणू दे, तुम्ही म्हणू नका. त्या विधीच्या वेळी दार बाहेरच्या माणसालाही विनामूल्य खुलं ठेवावं लागतं. एकदा गिर्यारोहणाच्या बुटांत एक आजोबा येऊन मागच्या बाकावर बसले आणि शेवटी डोळे पुसत गेले.

जोडप्यांनी आपापल्या भागातल्या कार्यालयात नोटीस द्यायची, २८ दिवस थांबायचं. दोघांपैकी कुणाच्या व्हिसाचा प्रश्न असेल तर ते ७० दिवसही होऊ शकतात. भारतातून येणाऱ्या वधू-वरांची तिकिटं निघालेली असतात आणि नोटीस दिलेलीच नसते, असं आमच्याकडे दोनदा झालं. धार्मिक लग्न तेवढं लावून दिलं, पण बुकिंग घेतानाच नोटिशीची तारीख विचारायची सवय तेव्हापासून लागली. एक गोष्ट मात्र सोपी झाली आहे. पूर्वी कायदेशीर लग्न सकाळी आठ ते संध्याकाळी सहा याच वेळेत लागायचं, २०१२ पासून ती अट गेली. गोरज मुहूर्तावर नोंदणी करायला आता कायद्याची हरकत नाही. रजिस्ट्रारची मात्र असते, त्यांना त्या दिवशी आणखी तीन लग्नं लावायची असतात. आम्ही नोंदणी अकराला घेतो, मग चहा-पोहे, आणि मग गुरुजी.

होमाचं सविस्तर सांगते, कारण विमा कंपनी तिथेच अडते. तांब्याचं लहान कुंड, खाली कोरड्या वाळूचा पत्र्याचा ट्रे, त्याखाली विटा. समिधा करंगळीएवढ्या, तूप पळीनं, वाटीनं नाही. जवळ आगीचं ब्लँकेट, कारण तुपाच्या भडक्यावर पाणी मारायचं नसतं. आणि एक माणूस फक्त आगीकडे बघायला, ज्याला त्या वेळात कुणीही दुसरं काम सांगायचं नाही, नवरीच्या मामानंसुद्धा नाही. धुराचा अलार्म तेवढ्या वेळापुरता बंद ठेवावा लागतो, त्याची वेळ वहीत लिहून, आणि विधी संपल्यावर चालू केल्याचीही. दुसऱ्या वर्षी मी खालच्या सभागृहाचा भाग बंद केला आणि गॅलरीचा विसरले. धूर कुठे जातो? वर. लाजाहोमाला घंटा सुरू झाली. शंभरावर माणसं शिस्तीत बाहेर आली, आणि वधू-वर उपरण्याची गाठ सांभाळत भुरभुर पावसात थडग्यांमध्ये उभे, गुरुजींच्या हातात लाह्यांचं सूप. आगीचा बंब बारा मिनिटांत आला. चूक संपूर्ण माझी होती, आणि इथल्या कायद्यात जबाबदारीही जागा चालवणाऱ्याचीच असते. आता गॅलरीच्या बटणावर लाल पाटी आहे.

किती माणसं? एजंट सांगेल ३००, कारण पूर्वी एवढे बसायचे. ते विसरा. ६० च्या वर माणसं असली की बाहेर पडायला किमान दोन वाटा हव्यात आणि दारं बाहेरच्या दिशेनं उघडणारी हवीत. चॅपलची दारं आत उघडतात, आणि लिस्टेड दार उलटं बसवायला परवानगी लागते. कार्यक्रमभर दार उघडं अडकवून ठेवण्याची तडजोड काही ठिकाणी मान्य होते. गॅलरीला बहुधा अरुंद, वळणाचे जिने आणि कमरेखालचा कठडा. आमच्या गॅलरीत पाहुणे बसत नाहीत, फक्त फोटोवाला आणि शहनाईचा स्पीकर. खाली १२०, एकही जास्त नाही. ‘आणखी दहाच आहेत हो, घरचंच कार्य आहे’ हे वाक्य तुम्ही दर शनिवारी ऐकाल. दारात मोजणीचं क्लिकर घेऊन एक इंग्लिश मुलगी उभी करा. तिला काका म्हणून कुणी दटावू शकत नाही.

छताकडेही वर बघा. लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा आणि मधे प्लास्टरचं मोठं फूल असेल. २०१३ मध्ये लंडनच्या अपोलो नाट्यगृहात नाटक चालू असताना छताचं प्लास्टर कोसळलं आणि ७० हून अधिक लोक जखमी झाले. जुनी बांधणी काळानुसार कमजोर झाली होती. वर चढून, पोटमाळ्यातून, जाणकाराकडून छत तपासून घ्या, दाखला घ्या. ढोल-ताशा आत वाजवायचा नाही, हा आमचा नियम यातूनच आला.

आवाजाबद्दल एक सुखाची गोष्ट. ही चॅपल प्रवचनासाठी बांधलेली आहेत. तीन बाजूंनी गॅलरी, मधे उंच व्यासपीठ, शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. मंगलाष्टकं तिथे माइकशिवाय म्हणवून बघा, अंगावर काटा येतो. आणि ऑर्गन चालू स्थितीत असेल तर संगीत नाटकावर वाढलेला एखादा काका त्यावर नांदी शोधतोच. डीजेचा खर्ज मात्र तिथे घोंगावतो, आणि पातळ काचांतून थेट समोरच्या डोंगरावरच्या घरात जातो. आवाजमर्यादा ओलांडली की वीज तोडणारं यंत्र लावा, अकराला संगीत बंद. शेजाऱ्यांना वर्षाच्या सुरुवातीला लग्नांच्या तारखा द्या, आणि दिवाळीत चिवडा. चिवड्याचा उपयोग जास्त होतो.

आता धंद्याचं गणित, आणि इथे बहुतेक मराठी मंडळी चुकतात. चॅपलचे चांगले महिने एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे साधारण ३० शनिवार. पण जुलैच्या आसपास आषाढी येते आणि कार्तिकीपर्यंत चातुर्मास. इंग्लंडचा उन्हाळा आणि आपले मुहूर्त यांचं वैर आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि तेव्हा इथे चारला अंधार, भिंती बर्फासारख्या. काही कुटुंबं पंचांगातले गौण मुहूर्त किंवा काढीव मुहूर्त घेतात, शाळांच्या सुट्ट्या आणि भारतातून येणारे पाहुणे बघून. सगळी घेत नाहीत. म्हणून फक्त मराठी लग्नांवर ही जागा चालणार नाही. आमच्या उन्हाळ्यातल्या तारखा बहुतेक स्थानिक जोडप्यांच्या असतात. आपली मंडळी मे-जून आणि नोव्हेंबर-डिसेंबर भरून काढतात.

त्या नोव्हेंबरसाठी गरम करण्याची सोय हवी, आणि ती सोपी नाही. उंच छताच्या खोलीत गरम हवा वर जाऊन बसते. गॅलरीत घाम आणि खाली नऊवारीत कुडकुडणं. सकाळी एकदम जोरात तापवलं तर शंभर माणसांच्या श्वासाचं पाणी थंड बिडाच्या खांबांवरून ओघळतं आणि ऑर्गनचं लाकूड तडकतं. आम्ही दोन दिवस आधीपासून मंद आचेवर सुरू करतो, आणि बाकांखाली विजेचे लांबट हीटर बसवलेत. विजेचं बिल हिवाळी दरात आधीच मिळवलेलं असतं, वेगळं मागत नाही. वेगळं मागितलं की घासाघीस सुरू होते.

स्वयंपाकघर संडे स्कूलच्या खोलीत करा, मुख्य सभागृहात अन्न नको. फोडणीचा धूर बाहेर काढणाऱ्या पंख्याचं तोंड कुठे निघणार, यावर कौन्सिलशी महिनोन् महिने पत्रव्यवहार होईल. तो होईपर्यंत आचारी बाहेरून तयार जेवण आणतील. अन्नाचा धंदा म्हणून २८ दिवस आधी नोंदणी करा. चौदा ॲलर्जनांची यादी इथे गांभीर्यानं घेतात, आणि आपल्या आचाऱ्यांना दोन गोष्टी हमखास माहीत नसतात. शेंगदाण्याचं कूट कशाकशात पडलंय ते लिहावं लागतं. आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ‘गहू नाही’ म्हणून वाढलेलं वरण त्या पाहुण्याला चालत नाही. मी आचाऱ्याकडून हिंगाची डबी मागवून तिच्यावरचं लेबल स्वतः वाचते.

वटवाघळं असतीलच. इथे सगळ्या जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना कायद्याचं संरक्षण आहे, ती त्या वेळी तिथे नसली तरी. छताला हात लावण्याआधी तपासणी करून घ्या. उन्हाळ्यात माद्या पिल्लांसह राहत असतील तर ते महिने काम बंद. थडग्यांच्या जागेवर सहसा बांधकाम करता येत नाही, आणि नातेवाइकांना येण्या-जाण्याचा हक्क विक्रीखतात बहुधा राखलेला असतो. आमच्याकडे एक बाई वर्षातून दोनदा फुलं घेऊन येतात. मांडवाची दोरी कुठे बांधायची नाही ते त्यांनीच दाखवलं.

विमा उतरवताना खरेदीची किंमत सांगू नका, पुन्हा बांधायला किती लागेल तो आकडा काढून घ्या. तो खरेदीच्या कितीतरी पट निघेल. लिस्टेड इमारतीतल्या मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट शून्य होता, ऑक्टोबर २०१२ पासून पूर्ण २० टक्के आहे. जुनी अंदाजपत्रकं किंवा मित्राचा १५ वर्षांपूर्वीचा अनुभव धरून चालू नका. तुमची वर्षाची उलाढाल ९० हजार पौंडांच्या वर गेली की तुम्हालाही लग्नाच्या पॅकेजवर व्हॅट लावावा लागतो. चांगला अकाउंटंट पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि आता ती अट. मेथडिस्ट परंपरेत दारू वर्ज्य, त्यांच्या जागांत आजही ती सहसा चालत नाही. जुन्या विक्रीखतांत अनेकदा असं कलम असतं की या जागेवर पुढे कधीही मद्यविक्री किंवा जुगार होणार नाही. मराठी लग्नाला ते कदाचित चालेल, पण उन्हाळ्यातल्या त्या स्थानिक जोडप्यांना मुळीच नाही, आणि त्यांच्याशिवाय वरचं गणित बसत नाही. असं कलम वाटाघाटीनं किंवा पैसे देऊन सैल होऊ शकतं, पण सही करण्याआधी. आमच्या विक्रीखतात ते सातव्या पानावर होतं आणि सॉलिसिटरनं आम्हाला ते व्यवहाराच्या आदल्या आठवड्यात सांगितलं. व्यवहार चार महिने लांबला, तेवढ्यात एक हिवाळा छतात शिरला. तुमच्या सॉलिसिटरला उद्याच फोन करून विक्रीखताच्या मसुद्यातली सगळी निर्बंधांची कलमं काढून मागा, आणि ती वाचून होईपर्यंत सर्व्हेचाही खर्च करू नका.